ताटाची डावी बाजू: वजन कमी करायचं मनात घेतलेल्या पोरापोरींसाठी

विश्रामबागेत माझी खानावळ आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव या बाजूनं अकरावी-बारावीला सांगलीत आलेली पोरं-पोरी खोल्या घेऊन राहतात आणि दोन्ही वेळा माझ्याकडं जेवतात. दर वर्षी जून-जुलैत त्यातली तीन-चार जणं बाकीच्यांची नजर चुकवून हळूच सांगून जातात, "काकू, मला भात-भाकरी नको. नुसती भाजी वाढा. वजन कमी करायचंय." मी वाढते. रात्री साडेनऊला सामान घेऊन येताना बघावं, तर तेच पोरगं चौकातल्या गाड्यावर बुर्जीबरोबर चौथा पाव मोडत असतं. मी हाकसुद्धा मारत नाही. दुपारी उपाशी ठेवलेलं पोट रात्री व्याजासकट वसुली करतं, त्यात त्या पोराचा काय दोष?

हे सगळं त्या पोरासाठी लिहितेय, आणि घरी आईच्या हातचं जेवणाऱ्या त्याच्या वयाच्या सगळ्यांसाठी. वय तेरा ते अठरा धरलंय. मी आहारतज्ज्ञ नाही. माझी भाची आहे, मिरजेत. आकडे तिच्याकडून तपासून घेतलेत, ताट माझं आहे.

काट्यावर चढायच्या आधी

फोनवर उंची-वजन टाकलं की बीएमआयचा आकडा येतो आणि शेजारी लाल अक्षरात काहीतरी लिहून येतं. बहुतेक वेळा ते मोठ्या माणसांचं माप असतं. तुझ्या वयाला ते लागू नाही. पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली वाढीचे तक्ते काढलेत, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. डॉक्टर त्यावर वयाप्रमाणं टिंब मारतात. ते टिंब कुठं पडतं हे बघितल्याशिवाय काहीच सुरू करू नकोस. मागं एक मुलगी माझ्याकडं दोन महिने रात्रीचं जेवत नव्हती. का, तर लग्नात कुणी चुलत बहीण म्हणाली, "सुटलीस की गं!" शेवटी तिला डॉक्टरांकडं नेलं, तर टिंब तक्त्याच्या मधोमध. तिला वजन कमी करायची गरजच नव्हती. बहिणीच्या तोंडाला कुलूप लावायची होती.

टिंब खरंच वर गेलेलं असलं, तरी घाबरायचं नाही. या वयात हाडं वाढतात, उंची वाढते. त्यामुळं पुष्कळदा डॉक्टर सांगतात की वजन उतरवू नका, आहे तिथं थोपवून धरा. उंची दोन-चार इंच वाढली की तेच वजन अंगाला बसतं. ज्याचं खरोखर उतरवायचं असतं, त्याचंही डॉक्टर ठरवतात तेवढंच आणि तेवढ्याच वेगानं. महिन्यात आठ-दहा किलो वगैरे जे व्हिडिओत दाखवतात, ते तुझ्यासाठी नाही.

डॉक्टरांकडं गेलास किंवा गेलीस, की एक गोष्ट आठवणीनं दाखव. मानेच्या मागं किंवा काखेत काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा आलाय का? आमच्याकडं आया तो मळ समजून पोरांची मान घासून लाल करतात. तो घासून जात नाही, कारण तो मळ नसतो. अंगातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. पाळी अनियमित असेल, झोपेत मोठ्यानं घोरणं असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर तेही सांग.

पहिलं पाऊल: तीन दिवस फक्त लिहायचं

काहीही बदलायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर तीन दिवस, त्यात एक रविवार, जे जे तोंडात जाईल ते लिही. कॅलरी मोजायच्या नाहीत. या वयात तो नाद लागला की जेवणाचं गणित होतं आणि मग घास गोड लागत नाही. फक्त तीन गोष्टी लिही: किती वाजता, काय, आणि तेव्हा भूक होती का कंटाळा.

तासगावच्या एका पोरानं हे केलं होतं. पान माझ्यासमोर आणून ठेवलं. जेवणं तीन, त्यात नाव ठेवायला जागा नाही. पण मधेमधे चार कप चहा, क्लासवरून येताना उसाचा रस, पाच वाजता मित्राच्या खोलीवर भडंग, सातला कुरकुरीत पुडी, आणि मॅच बघताना कोल्ड्रिंक. अकरा वेळा तोंड हललं होतं, भूक त्यातल्या चार वेळा. "काकू, मी भाकरीला उगाच शिव्या घालत होतो," म्हणाला. मला जे सांगायचं होतं ते त्याच्या पानानंच सांगितलं.

दुसरं पाऊल: पितोस ते आधी बघ

इथून सुरुवात करायची, कारण इथं काहीच उपाशी राहावं लागत नाही. चावून खाल्लेल्या गोष्टीची पोट नोंद ठेवतं, गोड पाण्याची फारशी ठेवत नाही. २५० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये साधारण २५ ते २७ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली बरी. म्हणजे एका बाटलीत दिवस संपला. चहात दोन-दोन चमचे घालून चार कप झाले, तर तीस-चाळीस ग्रॅम तिथंच.

आता उसाचा रस. आपण ऊसपट्ट्यातली माणसं, रसाला नाव ठेवलं तर गावात राहू देणार नाहीत. पण एका मोठ्या ग्लासात साखर कोल्ड्रिंकपेक्षा कमी नसते. "नैसर्गिक आहे" म्हणून शरीर सूट देत नाही. गुळाचंही तेच. गुळाचा चहा मला स्वतःला आवडतो, पण वजनाच्या हिशेबात गूळ आणि साखर सख्ख्या बहिणी. रस पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा ग्लास, मित्राबरोबर वाटून. कोल्ड्रिंक घरात आणायचंच नाही, लग्नकार्यात मिळालं तर मिळालं.

चहा एकदम फिका करू नकोस, दोन दिवसांत परत पहिल्यासारखा गोड प्यायला लागशील. दर आठवड्याला अर्धा चमचा साखर कमी कर. महिन्याभरानं जुना चहा पाकासारखा लागतो. बाकी वेळ पाणी, आणि दुपारी ताक. पातळ, जिरं-कोथिंबीर घातलेलं, मीठ बेतानं. विकतच्या गोड लस्सीला ताक म्हणायचं नाही.

तिसरं पाऊल: सकाळ सोडायची नाही

सात वाजता क्लास असतो, म्हणून चहा-बिस्किटावर पोरं निघतात. दहा वाजता पोटात कावळे ओरडायला लागले की समोर वडापावचा गाडा. सकाळी पोटात थोडं प्रथिन गेलं तर दहाचा वडापाव आपोआप मागं पडतो.

प्रथिन किती लागतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणं तेरा ते पंधरा वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅम, मुलीला ४३. सोळा ते अठराला मुलाला ५५, मुलीला ४६. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सात-आठ, वाटीभर घट्ट उसळीत किंवा वरणात साधारण तेवढंच, आणि भाकरी-चपातीतही थोडं असतंच. दिवसभरात जमतं. त्याला डब्यातली पावडर लागत नाही.

सकाळी काय खायचं ते घरात जे असेल त्यावर. पोहे असतील तर त्यात वाफवलेली मोडाची मटकी मूठभर घाल, वर शेव नको. दोन उकडलेली अंडी आणि एक चपाती. मुगाचं धिरडं. आणि सगळ्यात सोपं, ज्याची आता पोरांना लाज वाटते ते म्हणजे शिळी भाकरी ताकात कुस्करून, बरोबर कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. माझे सासरे हे खाऊन रानात जायचे. आता तेच काचेच्या वाडग्यात, वर बिया पेरून कुणी दाखवलं की पोरं लगेच फोटो काढतात.

चौथं पाऊल: डावी बाजू वाढवायची

हे नीट वाच.

आपल्या ताटाला डावी-उजवी बाजू असते. डावीकडं लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडं भाजी, उसळ, आमटी. मधे भात-भाकरी. पंगतीत डावी बाजू म्हणजे नुसतं बोट लावण्यापुरती, कोशिंबीर चमचाभर. तुला एवढंच करायचंय की डावीकडची कोशिंबीर चमच्यावरून वाटीवर आणायची, उजवीकडची भाजी-उसळ भरपूर घ्यायची आणि मधलं जरा आवरायचं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनातही दिवसभराच्या ताटाचा अर्धा भाग भाज्या-फळांचाच दाखवलाय. लोणचं-पापडही डावीकडंच बसतात, पण त्यांनी कोशिंबिरीची जागा अडवायची नाही.

खायचा क्रमही तोच ठेव. आधी कोशिंबिरीचे पाच-सहा घास, मग भाकरीबरोबर भाजी आणि उसळ, भात शेवटी. माझ्याकडं हे केल्यापासून भाताचं पातेलं उरायला लागलं. मी कुणाला काही बोलले नव्हते, फक्त कोशिंबीर आधी वाढायला लागले.

काकडी, गाजर, मुळा, बीट, कांदा-टोमॅटो, कोबी, जे स्वस्त असेल ते. दाण्याचं कूट चमचाभर, दही घरचं, साखर नको. दररोज किसायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. तर किसू नकोस. काकडीचे चार तुकडे कर, मुळा तसाच चाव.

भाजीचं म्हणशील तर पालेभाजी आठवड्यातून तीन-चारदा तरी हवी. मेथी आणि पालक सोडून पोरांना नावं माहीत नसतात. चाकवत, पोकळा, अंबाडी, करडई, घोळ, थंडीत हरभऱ्याचा पाला, हे बाजारात जुन्या बायका खाली बसून विकतात, त्यांच्याकडं बघ. मुलींनी इथं जास्त लक्ष द्यायचं. तेरा ते पंधरा वयात मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला २२. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळ, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणाला लागून चहा पिऊ नकोस, तो नेमकं उलटं करतो. वजनाच्या नादात जेवण कमी केलेली मुलगी आधी थकते, आणि थकलेल्या माणसाला गोड हवंसं वाटतं.

उसळीत मटकी सगळेच करतात. हुलगा, पावटा, चवळी, घेवडा यांना पण पाळी दे. हुलग्याचं माडगं थंडीत रात्री प्यायला सुरेख, पोटभरीचं आणि तेलाशिवाय होणारं.

भाकरी का चपाती, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो. ज्वारीत जादू नाही. पण भाकरीला तेल लागत नाही, चावायला वेळ लागतो आणि दोन भाकऱ्यांनंतर हात थांबतो. घडीच्या चपातीत आत एक चमचा तेल, वर एक चमचा, म्हणजे चपातीमागं नव्वदेक कॅलरी नुसत्या तेलाच्या. फुलका केलास तर प्रश्नच मिटला. जतकडच्या पोरांनी एक ध्यानात घ्यावं, तुमच्या घरची एक भाकरी म्हणजे इकडच्या दोन. मोजताना आकडा न बघता आकार बघा.

भातावर माझा राग नाही. वाटीभर भात, त्यावर दोन वाट्या वरण, असं उलटं केलं की झालं. एक वेळ भात पुरे.

किती खायचं? वाढत्या वयाचं पोर आहेस, पोट भरलंच पाहिजे. पहिल्यांदा एक-दीड भाकरी, भरपूर उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक, थोडा भात घे. संपलं की दहा मिनिटं गप्पा मार. तरीही भूक असेल तर पुन्हा घे, पण आधी उसळ आणि मग भाकरी. मैदानावर खेळून आलेल्या दिवशी भूक जास्त लागणार, त्या दिवशी जास्त खायचं. त्यात गुन्हा नाही.

कृष्णाकाठचं भरलं वांगं आणि रविवारचं मटण या दोन गोष्टी सोडायला सांगितल्या तर हे वाचणं तू इथंच बंद करशील. सोडू नकोस. वांगं खा, वर तरंगणारं तेल ताटात घेऊ नकोस. मटणाचे तुकडे खा, तांबड्यावरची तर्री बाजूला सार, पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या दोनवर थांबव. आणि त्या दिवशीही डावीकडं कांदा-काकडी हवीच.

पाचवं पाऊल: पाच वाजताची भूक, अर्थात भडंग

सांगलीत राहून भडंगाबद्दल न बोलणं म्हणजे ढोंग. बघ, चुरमुरे हलके. म्हणून आपण म्हणतो, "हवाच तर आहे." पण भडंगात लसणीचं तेल मुरलेलं असतं, तळलेले शेंगदाणे असतात, पिठीसाखर असते, मीठ असतं. आणि ते पिशवीतून खाल्लं जातं, मित्रांबरोबर, बकाणे भरून. पिशवीला तळ दिसेपर्यंत कुणी थांबत नाही. मी तर अजिबात थांबत नाही, म्हणून माझ्या घरात मोठी पिशवी येत नाही.

पुडी विकत घेतलीस तर मागची बाजू वाच. मोठा आकडा १०० ग्रॅमचा असतो, कुठं कुठं शेजारी "प्रति सर्व्हिंग" असं लिहून ३० ग्रॅमचा लहान आकडा असतो. डोळे नेमके लहान आकड्यावर जातात. पुडी दोनशे ग्रॅमची असेल आणि तू निम्मी संपवलीस तर मोठा आकडाच तुझा. तेल, मीठ, साखर कुठल्या नंबरवर आहेत तेही बघ. घटकांच्या यादीत जे जास्त असतं ते आधी येतं.

माझं भडंग असं. १०० ग्रॅम भडंगाचे चुरमुरे कढईत मंद आचेवर नुसते गरम करून कुरकुरीत करून घ्यायचे, काढून ठेवायचे. दोन चहाचे चमचे तेल, त्यात आठ-दहा लसणीच्या पाकळ्या ठेचून, कढीपत्ता, हिंग. लसूण तांबूस झाली की गॅस बंद, मग हळद, तिखट, मीठ. गॅस चालू असताना तिखट घातलं की करपतं आणि खोलीभर ठसका उठतो. हॉस्टेलवरची पोरं हे एकदा तरी करतातच. त्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे, तळलेले नव्हे, आणि चुरमुरे. हे तीन-चार जणांचं. खाताना एका वाडग्यात घ्यायचं आणि त्यात तेवढाच कच्चा कांदा, टोमॅटो, काकडी आणि मोडाची वाफवलेली मटकी मिसळायची. वाडगा संपला की भडंग संपलं.

दररोज भडंग नको. फुटाणे, उकडलेलं कणीस, पेरू, केळं, एखादं अंडं, थंडीत हुरडा, हे फिरवत ठेव. शेंगदाणे चांगले, पण मुठीनं मोजून. द्राक्षाच्या दिवसांत वाटीभर द्राक्षं खा, आनंदानं. बेदाण्याचं मात्र वेगळं. तासगावच्या पोरांना घरून किलोभर बेदाणा येतो आणि अभ्यास करताना तो चघळला जातो. चार किलो द्राक्षं सुकून किलोभर बेदाणा होतो. म्हणजे मूठभर बेदाणा खाल्लास की चार मुठी द्राक्षांची साखर पोटात गेली, फक्त पाणी वगळून. दहा-बारा मणी पुरेत.

वडापाव, मिसळ, पाणीपुरी यांना बंदी घालू नकोस. बंदी घातली की चोरून खाल्लं जातं, चोरून खाल्लेलं जास्त खाल्लं जातं. आठवड्यातला एक दिवस ठरव, मित्रांना सांग, बसून खा. मिसळीत कट दुसऱ्यांदा मागायचा नाही आणि पाव दोन.

हे आईला वाचून दाखव

ताई, पोरासाठी वेगळं शिजवू नका. सगळ्यांना भजी आणि त्याला एकट्याला दुधी, हे मी घराघरात बघितलंय. ते पोर दुधी खातं आणि रात्री डबा उघडतं. घरात सगळ्यांनी एकच खायचं. तुमच्या साहेबांच्या पोटालाही ते चालेल.

तेलाचा हिशेब एकदा मांडा. चौघांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल संपत असेल, तर रोज माणशी चाळीस ग्रॅमच्या वर जातं, आणि बाहेरचं खाणं यात धरलेलंच नाही. बाटलीतून ओतू नका, चमच्यानं घाला. पुढच्या महिन्यात साडेचार किलोत भागवा, त्याच्या पुढच्या महिन्यात चारमध्ये. चवीत काही कळत नाही, हे मी साठ ताटांवर करून बघितलंय.

आणि त्याच्या शरीरावरून बोलू नका. गंमतीनंही नको, कौतुकानंही नको. "बारीक झालास हं" हे कौतुक ऐकून पोरं आणखी कमी खायला लागतात.

उपवासाचं सांगते. संकष्टीला गणपतीला जाऊन आलं की साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू. एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात कूट आणि तूप. पोराला उपवास करायचाच असेल तर वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी, काकडीची कोशिंबीर, रताळं, ताक, फळ. वजन कमी व्हावं म्हणून वाढीव उपवास मात्र करू देऊ नका.

चालणं आणि झोप

इथं माझ्याकडं सांगण्यासारखं फार नाही. जागतिक आरोग्य संघटना या वयाला रोज तासभर दमवणारी हालचाल सांगते. कबड्डी, क्रिकेट, सायकल, नाच, काहीही चालतं. क्लासला सायकलनं जा. सकाळी हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत चालत जाऊन ये, किंवा आमराईत फेऱ्या मार. जिमच्या आधी हे तीन महिने करून बघ.

झोप आठ ते दहा तास. रात्री एकपर्यंत फोन बघणाऱ्याला बाराला भूक लागते, आणि बाराला कुणी काकडी खात नाही.

काय अजिबात करायचं नाही

हळदीच्या गावात राहून सांगते, हळदीच्या पाण्यानं चरबी वितळत नाही. जिऱ्याच्या पाण्यानं नाही, लिंबू-मधानंही नाही. मधात उलट साखरच असते. वजन उतरवायच्या गोळ्या, चहा, पावडरी, कुणी ओळखीच्यानं दिल्या तरी घ्यायच्या नाहीत. सोळा-सोळा तास उपाशी राहणं, भात-भाकरी पूर्ण बंद करून नुसतं पनीर खाणं, दिवसभर फक्त फळं, हे वाढत्या अंगाला झेपत नाही.

उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येत असेल, केस झडत असतील, पाळी चुकत असेल, दिवसभर मनात जेवणाचेच विचार असतील, चारचौघांत खायला नको वाटत असेल, किंवा खाऊन झाल्यावर ओकून काढायचं मनात येत असेल, तर सगळं थांबव आणि मोठ्या माणसाला सांग. हा आळस किंवा नाटक नाही, आजार आहे, आणि बरा होतो. घरी सांगायची हिंमत होत नसेल तर टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, १४४१६ वर फोन लावला की मराठीत बोलता येतं. पैसे पडत नाहीत.

एक मंगळवार

सगळं एकदम करायचं नाही. पहिले दोन आठवडे फक्त पिण्याचं बघ. मग सकाळ. मग डावी बाजू. भडंगाला शेवटी हात लाव, तिथं जीव अडकलेला असतो. काटा महिन्यातून एकदाच, त्याच दिवशी, त्याच वेळेला, आणि उंचीही त्याच दिवशी भिंतीला लागून मोज. वजन तेवढंच आणि उंची वाढली असेल तर काम चालू आहे.

माझ्याकडं उद्या मंगळवार आहे. सकाळी मटकी घातलेले पोहे आणि पेलाभर दूध. दुपारी भाकरी, चवळीची उसळ, चाकवताची पातळ भाजी, मुळ्याची कोशिंबीर, ताक, थोडा भात. पाचला पेरू आणि मूठभर फुटाणे. रात्री फुलके, वांग्याचं भरीत, मुगाचं वरण, काकडी. जेवायला साडेआठच्या आत यायचं. आणि येताना कुणीतरी कोपऱ्यावरून किलोभर काकडी आणा, डावीकडं वाढायला कमी पडणार आहे.